माझं शून्य मला द्या

आधीच सांगून टाकते, आमचं उत्तर चुकलेलं होतं. त्याबद्दल माझं कुणाशीही भांडण नाही. भांडण झालं ते पुढच्या गोष्टीवरून.

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला 'गणिती विचार आणि प्राथमिक संख्याशास्त्र' हा विषय सगळ्यांना सक्तीचा आहे. बार्शीच्या आमच्या कॉलेजात कला शाखेला येणारी निम्मी पोरं गणिताला घाबरूनच येतात. मीही त्यातलीच. दहावीचा गणिताचा पेपर देऊन बाहेर पडले तेव्हा आईला म्हटलं होतं, आता याचं तोंड पुन्हा बघायचं नाही. आणि कॉलेजात पहिल्याच दिवशी वेळापत्रकात सकाळचा पहिला तास तोच.

शिकवायला गव्हाणे मॅडम. तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे दर जूनला त्यांची नोकरी नव्यानं लागायची. आवाज असा की शेजारच्या वर्गात इतिहासाचे सर दार लावून घ्यायचे. पहिल्या तासाला त्यांनी विचारलं, "नाणं उडवलं तर छापा पडायची शक्यता किती?" सानिया बागवान, माझी बालवाडीपासूनची मैत्रीण, उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, छापा म्हणजे कुठली बाजू?"

हसू नका. आम्ही जन्मलो त्याच सुमारास नाणी बंद झाली. पैसे फोनातून फोनात जातात हेच आम्ही बघितलेलं. नाणं उडवणं वगैरे आमच्यासाठी पुस्तकातली गोष्ट, राजाच्या मोहरेसारखी.

मॅडमनी कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी येताना त्या पिशवीभर चिंचोके घेऊन आल्या. बार्शीत चिंचोक्यांना काय तोटा? माझी आईच सीझनला आडतीवर चिंच फोडायला जाते, आमच्या घरात चालताना पायाखाली चिंचोके येतात. मॅडमनी एकेका चिंचोक्याच्या दोन फाका करायला लावल्या, एका बाजूनं तपकिरी, दुसऱ्या बाजूनं पांढऱ्या. बाकं भिंतीला सरकवली आणि ते आख्खं सत्र आम्ही फरशीवर बसून काढलं. पट खेळताना टाकतात तसे चिंचोके टाकायचे, पांढरे किती पडले ते मोजायचं, लिहायचं.

सुरुवातीला कुणाचं काय, कुणाचं काय यायचं. पण सगळ्यांचे आकडे एकत्र करत गेलो तसं पांढरं पडायचं प्रमाण दहात सहाच्या आसपास येऊन थांबलं. नंतर कितीही टाका, तिथून हलेना. मॅडम म्हणाल्या, एकाची शक्यता शून्य दशांश सहा. मग चार एकदम टाकले तर चारही पांढरे पडायची शक्यता किती? त्यांची एक पद्धत होती, आधी दोघांचा गुणाकार करून घ्यायचा, ०.३६. मग त्यालाच त्यानं गुणायचं, ०.१२९६. म्हणजे शंभरात तेरा वेळा, धरून चाला. आम्ही धरून चाललो नाही, टाकून बघितलं. तेराच्या आगेमागेच आलं.

त्या दिवशी घरी जाताना मी रस्त्यात हसत होते. तोवर गणित म्हणजे कुणीतरी सांगितलेलं उतरवून घ्यायचं, एवढंच मला ठाऊक होतं. हे उत्तर माझ्या हातातून पडलं होतं आणि खरं निघालं होतं. खूप बरं वाटलं, एवढंच सांगते.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. चौथा प्रश्न: चार नाणी एकदम उडवली, चारही छापे पडण्याची शक्यता काढा. आमच्या वर्गातल्या एकतीस जणांनी लिहिलं, ०.१२९६.

बरोबर उत्तर आहे सोळात एक, म्हणजे सव्वासहा टक्के. नाण्याच्या दोन्ही बाजू सारख्याच वेळा पडतात. पण हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या डोक्यात नाणं म्हणजे पुस्तकातला चिंचोका. मॅडमना ते वेगळं सांगावं लागेल असं वाटलं नाही, कारण ज्यांचं लहानपण नाण्यांत गेलं त्यांना ती काय सांगायची गोष्ट वाटते? तर अशी चूक. बार्शीबाहेर कुणी केली नसती, आणि आम्ही सगळ्यांनी मनापासून केली.

आता पडताळ्याबद्दल. परीक्षा काचेच्या पाटीवर होते, पेन कुठे थांबलं, काय खोडलं, कुठली पायरी आधी लिहिली, सगळं पाटी टिपून ठेवते. परीक्षा प्राधिकरणानं त्या वर्षी पहिल्यांदाच 'पडताळा' नावाची यंत्रणा आणली होती. ती नुसती उत्तरं जुळवत नाही, उत्तरापर्यंत माणूस कसा पोचला ती वाट जुळवते. दोन अनोळखी माणसं एकाच चुकीच्या उत्तराला एकाच वाटेनं पोचतील याची शक्यता किती, ते काढते. तिसऱ्यानंही तेच केलं तर आणखी एकदा गुणते. एकतीस जणांचा गुणाकार केल्यावर तिच्या हाती जो आकडा आला त्यात दशांश चिन्हानंतर शून्यांची रांगच लागली होती. तिनं निष्कर्ष काढला, हे आपोआप घडणं अशक्य. कॉपी.

मे महिन्यात एकतीस फोन एकदम वाजले. "आपल्या उत्तरपत्रिकेत गैरप्रकार आढळला आहे. मान्य असल्यास सौम्य नोंद करून आपणास उत्तीर्ण करण्यात येईल. अमान्य असल्यास प्रकरण प्रलंबित राहील." खाली दोन बटणं.

प्रलंबित म्हणजे निकाल नाही. निकाल नाही म्हणजे दुसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. प्रवेश जूनअखेर बंद.

आईला वाचून दाखवलं. ती चिंच फोडून आली होती, बोटं काळी पडलेली. म्हणाली, "मग म्हण की हो. पास करत्यात न्हवं?"

"आई, मी कॉपी केलेली नाही."

"मला ठावं हाय. त्या फोनला कुठं ठावं हाय? पोरी, वरीस वाया घालवू नगंस. एका बटणानं काय भोकं पडत्यात का अंगाला?"

मी म्हटलं, पडतात. आणि 'अमान्य' दाबलं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

वर्गातल्या बाकीच्या सगळ्यांनी आठवडाभरात 'मान्य' दाबलं. मी त्यांना नावं ठेवत नाही. कुणाचं लग्न ठरलेलं, कुणाची भरती, कुणाला घरातून एकच वर्ष मिळालेलं. सानियाच्या अब्बांचं फळांचं दुकान. त्यांनी स्वतः तिचा फोन हातात धरून तिला 'मान्य' दाबायला लावलं होतं, असं तिच्या बहिणीनं मला सांगितलं. पण सानियानं स्वतः मला काहीच सांगितलं नाही, आणि ते का, हे मला प्राधिकरणाच्या पुढच्या संदेशातून कळलं. "साक्षीदार सानिया बागवान यांनी आपल्या उत्तरपत्रिकेत पाहून लिहिल्याचे मान्य केले आहे."

मी तडक तिच्या दुकानात गेले. ती मोसंबी रचत होती.

"माझं नाव घेतलंस?"

"नाव घेतल्याशिवाय पुढचं पान उघडतच नव्हतं गं. 'कोणाचे पाहिले' म्हणून चार नावं दिली होती. तुझं ओळखीचं होतं." ती माझ्याकडे बघत नव्हती. "मला वाटलं, तूपण मान्यच करणार. सगळेच करतायत."

"आणि मी केलं नाही तर?"

"तुझं आपलं नेहमीचंच. तुझी आई एकटी कमावते, तरी तुला ताठा परवडतो. मला नाही परवडत." मग एकदम मोसंबी टोपलीत टाकून म्हणाली, "जा ना आता. अब्बा येतील."

मी निघून आले. रस्त्यात रडले, खोटं कशाला सांगू? रागानं जास्त, पण रडले.

गव्हाणे मॅडमच्या घरी गेले तेव्हा त्यांनी दारातच विचारलं, "तू अमान्य केलंस ना? मला कॉलेजनं सांगितलंय, तुझ्याशी बोलायचं नाही. ये आत." चहा ठेवता ठेवता त्यांनी मला विचारलं, उत्तर कसं काढलंस ते सांग. मी सांगायला लागले आणि अर्ध्यावर त्यांच्या हातातली साखरेची बरणी तशीच राहिली.

"अगं, नाण्याचं निम्मं निम्मं असतं."

"हे तुम्ही कधी सांगितलं, मॅडम?"

त्या स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "चूक माझी आहे, आणि ती तुम्ही एकतीस जणांनी इमानदारीनं सोडवली." पेपर तपासतात प्राधिकरणाकडे, शिकवणाऱ्याला नुसते मार्क दिसतात, म्हणून त्यांना आजवर कळलंच नव्हतं.

मग त्यांनी मला गुणाकाराचं सांगितलं. शक्यतांचा गुणाकार कधी करायचा? एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नसेल तेव्हाच. "एसटीत चार जण एकदम खोकले. आता खोकला येण्याच्या चार शक्यता गुणल्यास तर येणारा आकडा इतका बारीक असेल की तू म्हणशील, यांनी ठरवून खोकलंय. पण खिडकीतून धूळ आत आली आहे, ती सगळ्यांच्या नाकात गेली. धूळ एकच. तुमची धूळ मी होते."

"मग हेच मी तिथे सांगू?"

"सांग. पण ते ऐकणार नाहीत. ते म्हणतील, पडताळा आजवर शंभर टक्के अचूक ठरला आहे. सगळीकडे तेच छापलंय. तू एवढंच कर, टक्केवारी दिसली की आधी विचार, शंभर म्हणजे कोण कोण? कुणाला मोजलं आणि कुणाला बाहेर ठेवलं?"

मी सुनावणी मागितली. नियमात होती, पण कुणी मागत नव्हतं. तीनदा पाठवलेला अर्ज तीनदा परत आला, चौथ्यांदा मी आणि मॅडम सोलापूरला प्राधिकरणाच्या दारात जाऊन बसलो. त्यांना जून संपायची घाई नव्हती, मला होती. शेवटी एका दुपारी बोलावलं.

खोलीत परीक्षा नियंत्रक देशमाने सर होते, सफारी घातलेले, आवाज मऊ. त्यांच्या शेजारी पडताळा बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनियर, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा असेल. आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत सानिया. साक्षीदार म्हणून बोलावलेली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, मीही तिच्याकडे पाहिलं नाही.

देशमाने सर म्हणाले, "बाळ, तुला नेमकं हवंय काय?"

"शून्य."

"काय?"

"चौथ्या प्रश्नाला शून्य. उत्तर चुकलंय, मार्क देऊ नका. पण ते मी चुकवलंय, कुणाचं बघून लिहिलेलं नाही. माझं शून्य मला द्या आणि 'गैरप्रकार' हा शब्द काढा."

मी चिंचोक्यांचं सांगितलं. मॅडमनी उभं राहून सांगितलं की चूक शिकवण्यातली आहे. देशमाने सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "प्रत्येकाकडे काही ना काही कहाणी असतेच. म्हणून तर यंत्रणा आणली. ती आजवर एकदाही चुकलेली नाही."

"कशावरून, सर?"

उत्तर इंजिनियरनं दिलं, कौतुकानं. "निकाली निघालेल्या प्रत्येक प्रकरणात विद्यार्थ्यानं स्वतः मान्य केलंय."

"आणि ज्यांनी अमान्य केलं?"

"ती प्रकरणं प्रलंबित आहेत."

"त्यातलं एकतरी निकाली निघालं?"

तो देशमाने सरांकडे बघायला लागला.

"म्हणजे जो हो म्हणतो त्याला मोजायचं," मी म्हटलं, "आणि नाही म्हणतो त्याला बाहेर बसवायचं, तो कंटाळून हो म्हणेपर्यंत. मग शंभर टक्के येणार नाहीत तर काय येणार? सर, असं मोजलं तर मीपण शंभर टक्के अचूक आहे. माझं ज्यांना पटतं तेवढ्यांनाच विचारायचं."

"ईश्वरी," देशमाने सर म्हणाले, "तोंड सांभाळून."

माझा आवाज चढला होता, मला कळत होतं. मी पाणी प्यायले. "बरं. मग तपासून बघू. गेल्या वर्षीही मॅडमनी चिंचोक्यांवरच शिकवलं होतं, आणि गेल्या वर्षीच्या पेपरातही नाण्यांचा असाच प्रश्न होता. तेव्हा पडताळा नव्हता. त्या पाट्या तुमच्याकडे आहेत. आमच्या पाट्यांच्या शेजारी ठेवा आणि चालवा. त्या पोरांची वाट वेगळी निघाली तर मी इथेच मान्य करते."

"त्याची गरज नाही," देशमाने सर म्हणाले.

पण इंजिनियरला चेव आला होता. "चालवू द्या की सर. दोन मिनिटांचं काम आहे. स्वच्छ निघेल."

भिंतीवरच्या पडद्यावर आमच्या कॉलेजची दोन वर्षांची नावं आली. मग त्यांच्यात रेघा ओढल्या जायला लागल्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या, आणि सगळ्या रेघा येऊन एका नावाला मिळाल्या. मूळ स्रोत: ईश्वरी बारंगुळे. खाली निष्कर्ष आला. गेल्या वर्षीच्या अठ्ठावीस विद्यार्थ्यांनी माझ्या उत्तरपत्रिकेत पाहून लिहिलं होतं. खात्री, नव्व्याण्णव टक्क्यांच्या वर.

गेल्या वर्षी ती परीक्षा झाली तेव्हा मी या कॉलेजात नव्हतेच, नुकतीच बारावी दिली होती. ती पोरं माझ्या त्या पेपरात बघून पास झाली होती, जो मी पुढच्या वर्षी लिहिणार होते.

मॅडम तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. इंजिनियर पडद्याजवळ जाऊन वाचायला लागला. "ज्याचं पेन सगळ्यात कमी थांबतं त्याला ती स्रोत धरते," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. "तारीख... तारीख आम्ही घातलीच नाही. एकाच दिवसाचे पेपर असतात ना."

देशमाने सरांनी पडदा बंद करायला लावला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्याइतकाच मऊ होता, "ठीक आहे. तुझ्या प्रकरणात तांत्रिक अडचण दिसते. तुझी नोंद काढतो. विषय संपला."

"आणि बाकीचे तीस?"

"त्यांनी मान्य केलेलं आहे. मान्य केलेलं मागे घेता येत नाही."

"माझ्याकडून कॉपी झालीच नाही असं तुम्ही म्हणताय. मग हिनं कुणाची केली?" मी सानियाकडे बोट केलं. त्या दिवशी पहिल्यांदा आमची नजरानजर झाली.

देशमाने सर तिला म्हणाले, "तुला काही बोलायचं नाहीये, बाळ. तू पास आहेस. तुझी नोंदही सौम्य आहे."

सानिया उठून उभी राहिली. तिनं हात ओढणीत गुंडाळले. "मी कॉपी केली नाही," ती म्हणाली.

"तू लिहून दिलंयस."

"बटण दाबलंय. तुम्ही दोनच ठेवली होती. एकावर पास लिहिलं होतं आणि दुसऱ्यावर वर्ष वाया." तिचा श्वास चढला. "मी ईश्वरीचं बघितलं नाही. माझं मी काढलं. आधी छत्तीस काढले, मग छत्तीसला छत्तीसनं गुणलं, एकदा चुकलं म्हणून खोडलं, ते तुमच्या पाटीवर दिसेल. ते माझं आहे. मलाही शून्य द्या."

"विचार करून बोल," देशमाने सर म्हणाले. "तुझे बाकीच्या प्रश्नांचे गुण मला इथे दिसतायत. मान्यता मागे घेतलीस तर तुला कुणी वर ढकलणार नाही."

"नका ढकलू," सानिया म्हणाली.

तिथून निघून एसटी स्टँडवर आम्ही दोघींनी उसाचा रस घेतला. मॅडम बार्शीची गाडी बघायला गेल्या. मग सानियानं फोन काढला आणि वर्गाच्या ग्रुपवर बोलून संदेश टाकला. तिखट बोलली. त्यातले काही शब्द मी इथे लिहिणार नाही. शेवटी म्हणाली, "ज्याला शून्य पाहिजे त्यानं उद्या प्राधिकरणाला तसं कळवावं. ज्याला फुकट पास व्हायचंय त्यानं घरी बसावं." परतीची गाडी वाटेत वैरागला पोचेपर्यंत उत्तरं यायला लागली. पहिलं उत्तर आलं त्या पोराचं, ज्याची भरती होती. "मलापण शून्य." मग दुसरं. मग फोन सारखाच वाजायला लागला, आणि शेजारच्या सीटवरच्या मावशी म्हणाल्या, "कुणाचा वाढदिवस हाय का गं?"

सगळे आले असं नाही. पाच-सहा जण घरीच बसले. पण चोवीस-पंचवीस पोरांनी एकाच दिवशी मान्यता मागे घेतली, आणि त्यांना सगळ्यांना प्रलंबित ठेवायचं तर आमच्या कॉलेजचा दुसऱ्या वर्षाचा वर्गच भरत नव्हता. जूनच्या शेवटच्या आठवड्यात निकाल लागला. माफी नाही, खुलासा नाही. चौथा प्रश्न, शून्य. गैरप्रकाराची नोंद नाही. पडताळा पुढच्या वर्षी 'सुधारणांसह' येणार आहे, असं ऐकते. येऊ दे.

गव्हाणे मॅडमची नेमणूक यंदा झालेली नाही. त्या घरी क्लास घेतात. मी कॉलेजात त्याबद्दल अर्ज दिलाय, उत्तर आलं नाही, दुसरा देणार आहे.

मी पास झाले. सानिया दोन मार्कांनी नापास झाली.

तिच्या दुकानाच्या मागच्या ओट्यावर आम्ही दोघींनी निकाल बघितला. बटण दाबून गप्प राहिली असती तर ती पास होती. माझ्यामुळे, माझ्या त्या एका 'नाही'मुळे तिचं वर्ष गेलं, असं माझ्या मनात आलं आणि मला रडू फुटलं. मी तिला सांगायला लागले, की मला वाईट वाटतंय, की मी तुझ्याबरोबर अभ्यासाला बसेन, की हे माझंच—

"गप बस गं," सानिया म्हणाली. तिचेही डोळे भरले होते, पण मान ताठ होती. "नापास मी झालेय. माझ्या मार्कांनी झालेय. तू कशाला रडतेस? निदान एवढ्यात तरी माझी कॉपी करू नकोस."